काचेची मोड घेता का? : कलादालनात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी प्राथमिक धडे

ज्यांनी आजवर दागिना वजनकाट्यावरच पाहिला, अशा सर्वांसाठी ही मार्गदर्शिका आहे. म्हणजे जवळजवळ सगळ्यांसाठीच. सराफाच्या पेढीवर कसं बसायचं, थंड पेय आल्यावर किती वेळाने 'घडणावळीचं बघा जरा' म्हणायचं, पावती कोणत्या टोकाकडून वाचायची, हे आपल्याला कोणी शिकवत नाही. आई-मावशीच्या शेजारी बसून ते आपोआप येतं. अडचण होते ती हातकामाच्या कलादालनात. तिथे पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा ठोकळा, ठोकळ्यावर कानातल्याची एकच जोडी, तिच्यावर वरून सोडलेला दिवा आणि शेजारी एवढंसं कार्ड. कार्डावर कलावंताचं नाव असतं, 'काच, चांदी ९२५' असं लिहिलेलं असतं, किंमत असते. वजन नसतं. भल्याभल्या अनुभवी बायका इथे गोंधळतात, आणि पुरुष मंडळी लगेच दिव्यांचं वायरिंग न्याहाळू लागतात.

घाबरू नका. पुढचे धडे क्रमाने वाचा. क्रम चुकला तरी चालेल, फक्त किमतीचा धडा उपाशीपोटी वाचू नये.

निघण्यापूर्वी

पाठीवरची सॅक घरी ठेवा. सॅक घालणाऱ्याला स्वतःची जाडी कधीच कळत नाही. तो वळतो तेव्हा त्याच्यामागे अर्धा हात आणखी कोणीतरी वळत असतं. पदर, ओढणी आणि शबनम यांनाही हाच नियम. अंगावर सोनं घालून जायला हरकत नाही, पण कलावंताशी बोलताना अधूनमधून स्वतःच्या पाटल्यांकडे बघू नका. तिला कळतं.

सोबत कोणाला न्यावं हा नाजूक विषय आहे. 'अय्या, हे तर यूट्यूबवर बघून घरीच करता येईल,' असं म्हणणारी एक मैत्रीण प्रत्येकीला असते. तिला न्याच. प्रश्न ती विचारेल, उत्तर तुम्ही ऐकाल, आणि शोभा तिची होईल.

आत शिरल्यावर

पहिली फेरी किमती न बघता मारायची असते. ही सूचना आजवर कोणी पाळलेली नाही, म्हणून पुढे जाऊ.

हात लावणे

'कृपया हात लावू नये' अशी पाटी असतेच. पण दागिना हातात घेतल्याशिवाय कळत नाही, हे पाटी लावणाऱ्यालाही माहीत असतं. 'बघू का?' एवढं विचारा. ती (बहुधा 'ती' असते, 'तो' असला तरी पद्धत हीच) स्वतः उचलून तुमच्या तळहातावर ठेवेल. आता चेहरा गंभीर करा आणि तपासणी सुरू करा. सोन्याची अशी तपासणी आपण करत नाही, कारण सोन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी क्रमांक असतो आणि तो न वाचताच आपला त्याच्यावर विश्वास असतो. काचेवर असला काही क्रमांक नाही. तिथे डोळेच वापरावे लागतात.

आधी मणी मुठीत धरा. काच पहिल्यांदा गार लागते, मग सावकाश अंगाची ऊब घेते. प्लॅस्टिकला तो गारवा नसतो. मग भोक बघा. नवशिका मण्याचा रंग बघतो, जाणकार भोक बघतो. या एका वाक्यावर तुम्ही कुठल्याही प्रदर्शनात तासभर टिकाल. ज्योतीवर पोलादी सळईभोवती काच गुंडाळून केलेला मणी नीट जमला असेल, तर भोकाच्या कडा दोन्ही बाजूंनी आत वळलेल्या, गुळगुळीत असतात. कडा वर आलेल्या आणि बोचऱ्या असतील, तर त्या रोज थोडा थोडा दोरा कापत राहतात, आणि माळ सुटायची ती नेमकी कोणाच्या तरी लग्नात, स्टेजवर आहेर देताना सुटते. भोकात पांढरी भुकटी दिसली तर नाक मुरडू नका. काच सळईला चिकटू नये म्हणून तिच्यावर मातीचा लेप देतात, त्याचा हा अवशेष. घासून काढायला हवा होता हे मात्र खरं, आणि ते तुम्ही मनात ठेवू शकता.

साच्यात दाबून काढलेल्या मण्याला पोटाभोवती बारीक शिवण सापडते. जोडीतले दोन मणी हुबेहूब सारखे असतील तर यंत्राचा संशय घ्या. थोडे वेगळे असतील तर ते हाताचे. फारच वेगळे असतील तर कलावंताला विचारा. ती 'मुद्दाम' असं म्हणेल.

तपासणी झाली की मान किंचित तिरकी करून 'हं' म्हणा. या 'हं'चा अर्थ कोणालाच लागत नाही, त्यामुळे तो सर्वत्र चालतो.

प्रश्न विचारणे

'फुटेल का?' हा सर्वांत लोकप्रिय प्रश्न. उत्तर : हो, काच आहे. हे विचारणारीच्या दोन्ही हातांत त्या वेळी डझनभर हिरव्या बांगड्या किणकिणत असतात आणि त्या घालून ती रोज भांडी विसळते, पोळ्या लाटते, लोकलमध्ये चढते. त्या बांगड्यांना हा प्रश्न तिने कधी विचारलेला नसतो.

'मशीनवर का नाही करत? स्वस्त पडेल.' हा प्रश्न सल्ला म्हणून विचारला जातो. विचारू नका.

'एका जोडीला किती वेळ लागतो?' हा दिसायला साधा आणि सगळ्यांत धोक्याचा प्रश्न. 'चाळीस मिनिटं,' असं ती म्हणाली की तुम्ही मनातल्या मनात किमतीला भागाकार करणार. उत्तर आलं की तुम्हाला आधी तिचा राग येईल आणि मग स्वतःच्या नोकरीचा. शिवाय तो भागाकार चुकलेला असेल. का, ते पुढच्या धड्यात.

प्रात्यक्षिक

काही प्रदर्शनांत अंगणात टेबल मांडून, ज्योत पेटवून मणी करून दाखवतात. ही संधी सोडू नका. खुर्ची दुसऱ्या रांगेतली धरा. पहिल्या रांगेत लहान मुलं आणि त्यांना मागे ओढणाऱ्या आया असतात.

टेबलाला एक टॉर्च घट्ट बसवलेला दिसेल. त्यात एका नळीने प्रोपेन किंवा तसलाच इंधनवायू येतो, दुसरीने ऑक्सिजन. कलावंत डोळ्यांवर जांभळट काचांचा चष्मा चढवेल. मागून कोणीतरी 'गॉगल बघ कसला भारी' म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नका. काचेत सोडियम असतो, आणि तो ज्योतीत गेला की असा पिवळा झगझगाट करतो की मागचा मणीच दिसेनासा होतो. चष्म्याच्या काचा तेवढा पिवळा गिळून टाकतात. तिला मणी दिसतो, तुम्हाला झगमगाट. प्रदर्शनाचं तिकीट तुम्ही त्याचंच काढलेलं असतं.

तिच्या एका हातात काचेची कांडी, दुसऱ्यात लेप दिलेली सळई. कांडीचं टोक मऊ होऊन लोंबायला लागलं की ती ते सळईभोवती गुंडाळते. इथून पुढे एकच गोष्ट बघा : सळई फिरते आहे. ती बोलते, हसते, शिंक आली तर शिंकते, पहिल्या रांगेतल्या मुलाच्या 'चटका बसला तर?' या प्रश्नाला उत्तर देते, आणि सळई फिरतच असते. थांबली की पातळ काच खाली ओघळणार आणि मण्याचं पोट सुटणार. मध्येच ती मणी ग्रॅफाइटच्या पट्टीवर लोळवते, बारीक काचेच्या धाग्याने त्याच्यावर ठिपके देते, ठिपके ज्योतीत बुडवून सपाट करते, पुन्हा देते.

या वेळी 'तो लाल काय सुंदर आहे!' असं ओरडायचा मोह होतो. आवरा. तापलेली काच कुठलीही असो, ती नारिंगीच धगधगते. तुमचा लाल उद्या निळा निघेल.

कोणाला फारच प्रभावित करायचं असेल तर हळूच विचारा, 'तुमची काच १०४ची का?' हा आकडा काचेच्या प्रसरणाचा. मुरानोच्या मऊ कांड्यांचा १०४, प्रयोगशाळेत चंचुपात्रं होतात त्या बोरोसिलिकेटचा ३३च्या आसपास. दोन्ही एका मण्यात आणल्या तर गार होताना एक जास्त आकसते, दुसरी कमी, आणि मणी तडकतो. पत्रिका बघितल्याशिवाय काचेची सोयरीक होत नाही.

मणी झाला. लोक टाळ्या वाजवतात, मोबाइल खाली घेतात आणि चहाकडे वळतात. खरं काम आता सुरू होतं, आणि त्यात बघण्यासारखं काहीच नसतं. ती मणी तुमच्या हातात देत नाही. शेजारच्या छोट्या विजेच्या भट्टीत ठेवते, जिथे साधारण ५०० अंश सेल्सियस तापमान राखलेलं असतं. काचेतून उष्णता फार आळसाने वाहते. मणी उघड्यावर ठेवला तर बाहेरचा थर आधी गार होऊन कडक होतो, आतला गाभा मागाहून आकसायला बघतो, आणि त्या दोघांची ओढाताण कायमची आत कोंडून राहते. असा मणी लगेच फुटेल, किंवा महिन्याभराने कपाटात आपोआप तडकेल आणि घरात कोणाची तरी नजर लागली असं ठरेल. म्हणून भट्टीत तो आधी सगळीकडून सारखा तापू द्यायचा आणि मग तास न् तास, अंशाअंशाने उतरवायचा. वस्तू जितकी जाड, तितका वेळ जास्त. पालोमारच्या दुर्बिणीसाठी अमेरिकेत कॉर्निंगच्या कारखान्यात १९३४ साली २०० इंच व्यासाची काच ओतली, ती निववायला जवळपास दहा महिने लागले. तुमचं कानातलं एका रात्रीत होतं, हे उपकारच समजा.

सकाळी भट्टी उघडली की त्यातले काही तडकलेले निघतात. किती, ते ती सांगणार नाही. चाळीस मिनिटांत ते धरलेले नव्हते. कार्डावरच्या किमतीत धरलेले आहेत.

नावं फेकणे

कलादालनात दोन-तीन नावं खिशात असलेली बरी. मुरानो हे नाव सर्वांना येतं, त्यामुळे त्याला साल जोडून वापरा : १२९१. त्या वर्षी व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी शहरातल्या काचेच्या भट्ट्या आगीच्या भीतीने त्या बेटावर हलवल्या. कारागीर बेटावर राहिले की गुपितंही बेटावर राहतात, हा फायदा सांगितला नाही तरी समजतो.

पुढचं नाव हार्वी लिटलटन. काच वितळवायची तर कारखाना हवा, अशी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत समजूत होती. कारखान्यात आकार काढणारा एक, फुंकणारे दुसरे. अमेरिकेत विस्कॉन्सिनला कुंभारकाम शिकवणारे लिटलटन यांनी १९६२ साली ओहायोतल्या टोलेडो संग्रहालयाच्या आवारात, एका गॅरेजमध्ये, लहानशी भट्टी उभारून दाखवून दिलं की एकटा माणूसही हे करू शकतो. पहिल्या खेपेची काच नीट वितळेना, तेव्हा डॉमिनिक लबिनो या काचतज्ज्ञाने आपल्या कंपनीच्या काचगोट्या आणून दिल्या आणि काम निभावलं. आज दालनातल्या कार्डावर एका व्यक्तीचं नाव असतं, त्याची सुरुवात बरीचशी त्या गॅरेजमध्ये आहे.

लिटलटन यांचा विद्यार्थी डेल चिहुली. त्याची रंगीत काचेची प्रचंड झुंबरं तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असतील. १९७६च्या मोटार अपघातात त्याची एका डोळ्याची दृष्टी गेली, पुढे खांदाही दुखावला, आणि फुंकणी त्याने इतरांच्या हाती दिली. तेव्हापासून तो चित्रं काढतो, सूचना देतो, काच त्याचे सहकारी फुंकतात. नाव त्याचं. हे सांगून झाल्यावर थोडं थांबा, म्हणजे समोरच्याला वाटेल की तुम्हाला पुढे काही म्हणायचं आहे.

दागिन्यांकडे यायचं तर रने लालिक. हा मुळात पॅरिसचा जवाहिऱ्या. हिऱ्यांच्या राशी लावायच्या त्या काळात त्याने सोन्याशेजारी शिंग, मीनाकाम आणि चक्क काच बसवली, १९००च्या पॅरिस प्रदर्शनात ती गाजली, आणि पुढे तो सोनं सोडून काचेचाच झाला. तुमच्या सराफांना हे सांगू नका. आपल्याकडचं नाव विचारलं तर दिल्लीच्या हेमी बावा. त्या काच साच्यात ओतून शिल्पं करतात, पद्मश्री आहेत.

आणि हुकमाचं पान शेवटी टाका. भारतीय काचेचा इतिहास लिहिला तो एका मराठी माणसाने : मोरेश्वर गंगाधर दीक्षित. मुंबई विद्यापीठाने १९६९ साली तो प्रसिद्ध केला. ह. धी. सांकलिया आणि दीक्षित यांनी १९४५-४६मध्ये कोल्हापूरला पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीची टेकडी खणली, तिथे काचेच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले. बहमनी काळात कोल्हापूरकरणी काय भरत होत्या ते त्यावरून दिसतं. पैसा पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने १९०८ साली तळेगावला काच कारखाना काढला, आणि ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात आपले आजोबा शिकले. एवढं एका दमात बोललात की दालनवाले तुम्हाला छापील कॅटलॉग फुकट देतात.

किंमत

जेवून आला आहात ना? मग वाचा.

जोडी दीड हजाराची आहे. तुमचं मन आपोआप तागडी काढतं. चांदी असेल दोन-तीन ग्रॅम. काच म्हणजे वाळू, सोडा, चुना. मग उरलेले पैसे कशाचे? प्रश्न योग्य आहे, फक्त पत्ता चुकला आहे. तोच प्रश्न घेऊन आधी सराफाकडे चला. तिथे सोन्याच्या किमतीवर घडणावळ, दोन्हीच्या बेरजेवर ३ टक्के जीएसटी. दहा वर्षांनी तोच दागिना मोडायला नेला की घडणावळ गायब, डागाची घट धरायची, खडे काढून वजन करायचं. आपण हसत हसत सही करतो आणि याला गुंतवणूक म्हणतो.

मंगळसूत्राचंच घ्या. महाराष्ट्रात घरोघरी रोज गळ्यात असलेला काचेचा दागिना तोच आहे, कारण त्यातले काळे मणी बहुतेक काचेचेच असतात. सोन्याच्या वाट्या दोन, मणी शेकड्यांनी. पटवेकऱ्याने ते एकेक ओवून, गाठवून दिलेले. मोडीच्या दिवशी सराफ पहिल्यांदा काय करतो? मणी काढून बाजूला ठेवतो. ज्यांच्यामुळे मंगळसूत्र दिसतं, त्यांचं वजन शून्य.

एका प्रदर्शनात एका काकूंनी ही अडचण उघडपणे मांडली. जोडी कानाला लावून आरशात पाहून झाली, आवडलीही होती. 'अगं पण उद्या नकोशी झाली, तर मोड घेता का तुम्ही?'

मुलगी तिशीच्या आतबाहेरची असेल. चिडली नाही. 'घेते की काकू. तुकडे आणा, वितळवून दुसरं करून देते. पैसे मात्र घडणावळीचे पडतील.'

'किती?'

'हेच. काचेत सगळी घडणावळच असते.'

काकू विचारात पडल्या. मग मुलीने शेजारचा गडद लाल मणी उचलून त्यांच्या हातावर ठेवला. 'यात सोनं आहे बघा.' काकूंनी पर्समधून दुसरा चष्मा काढला, मणी उजेडाकडे धरला, उलटा केला, भोकातूनही पाहिलं. सोनं दिसेना. मुलीने सांगितलं ते खरं होतं : काचेत सोन्याचा अत्यल्प अंश विरघळवला तर ती पहिल्यांदा जवळजवळ बिनरंगी असते, आणि पुन्हा तापवली की माणकासारखी लाल होते. सोन्याचे कण एवढे बारीक होतात की त्यांचा पिवळेपणाच उरत नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातला एक रोमन पेला आहे. समोरून उजेड पडला की हिरवा, आत दिवा ठेवला की लाल. करामत तीच, सोन्या-चांदीच्या सूक्ष्म कणांची.

'मग हे सोनं परत काढता येतं का?' काकूंनी विचारलं.

'नाही.'

काकूंनी लाल मणी जपून जागेवर ठेवला आणि निळी जोडी घेतली. नवशिक्यांनी या व्यवहाराचा अभ्यास करावा. काकूंनी एक रुपयाही कमी करायला सांगितला नाही, कारण कमी कशाचे करायचे तेच त्यांना ठरवता येईना.

आता थोडी गैरसोयीची बाब. 'हाताने केलेलं आहे, म्हणून महाग,' हे कार्डावरचं स्पष्टीकरण पुरेसं नाही. तुमच्या हातातल्या त्या डझनभर बांगड्याही हातानेच झालेल्या आहेत. फिरोजाबादच्या भट्टीतून काचेचा गोळा निघतो, त्याची तार फिरत्या रुळावर स्प्रिंगसारखी गुंडाळली जाते, गुंडाळी कापून कडी सुटी करतात. मग त्या उघड्या कड्यांचे ढीग वस्त्यांतल्या घरांत जातात. तिथे लहानशा ज्योतीवर कोणी त्यांची टोकं एका पातळीत आणतं, कोणी ती एकमेकांना जोडतं. यात बायका पुष्कळ, आणि मजुरी नगावर. मग रंग, मग सोनेरी रेघ, मग बांधणी. एका बांगडीवरून दालनातल्या मण्यापेक्षा कितीतरी जास्त हात फिरलेले असतात, आणि सगळी घडणावळ विभागून घेतल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला जे येतं ते मोजायला सराफाचा काटाही कमी पडेल. दालनात आपण पैसे मोजतो ते हाताला नाव आहे म्हणून. ते मोजू नयेत असं माझं म्हणणं नाही. त्या मुलीची भट्टी, तिचं वीजबिल, तिच्या तडकलेल्या रात्री आणि दालनाचा भला मोठा वाटा त्यातूनच निघतो. पण हे डोक्यात ठेवून बांगडीवाल्याकडे गेलात, तर डझनामागे दहा रुपये कमी करा म्हणताना जीभ अडखळते. म्हणून हा परिच्छेद ऐच्छिक ठेवला आहे.

'शेवटचा भाव सांगा' असं दालनात म्हणू नये. तिथे पहिला भाव हाच शेवटचा असतो.

खरेदी झालीच तर

कानातल्याची तार आणि माळेचा फासा कशाचा आहे ते विचारून घ्या. काच कोणाच्या अंगावर उठत नाही, निकेल उठतं. बांगडी घेत असाल तर माप कासाराच्या भाषेत सांगा : दोन-सहा म्हणजे दोन इंच आणि वर इंचाचे सोळा भाग केले तर त्यातले सहा. बांगडी दोन-चारची आणि हात दोन-सहाचा असला, तरी कासार अंगठ्याने तळहात दाबून, बोलण्यात गुंतवून ती चढवतो. दालनात ही सोय नाही. दोन-चार बांगड्या वाढल्या तर कासार हसून दुसऱ्या काढतो. इथे एक वाढली तर कार्ड वाचून पैसे द्यावे लागतात.

घरी आल्यावर

किंमत विचारली जाईल. दोन पर्याय आहेत. खरी सांगायची आणि काचेला रात्रभर भट्टीत कसं निववतात ते समजावत बसायचं, किंवा 'अगं, एका मैत्रिणीने दिली' म्हणायचं. दुसऱ्या पर्यायात पुढच्या वाढदिवसाला त्या मैत्रिणीला काय द्यायचं हा प्रश्न उभा राहतो. ती मैत्रीण कोण, हा त्याहून मोठा.

अत्तर, पावडर, केसांचा स्प्रे हे सगळं आधी, दागिना सर्वांत शेवटी. चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते, तिला बंद पिशवीत ठेवा. काचेला पाण्याचं काही वाटत नाही, दोऱ्याला वाटतं. माळ घालून पोहायला जाऊ नका. गरम पाण्याच्या बादलीतून काढून थेट फ्रीजमध्ये वगैरे काही करू नका. असं कोण करेल, असं वाटेल. करतात.

माळ सुटली तर ती स्वयंपाकघरातल्या वाटीत वर्षभर ठेवू नका. जवळचा पटवेकरी गाठा. दोन मण्यांच्या मध्ये प्रत्येक वेळी गाठ मारून घ्या, म्हणजे पुन्हा तुटली तरी एकच मणी पळेल, सगळी माळ सोफ्याखाली जाणार नाही. पटवेकरी मणी हातात घेईल, उजेडाकडे धरेल आणि भोक बघेल. त्याला कोणी मार्गदर्शिका दिलेली नसते.

एखादा मणी फुटलाच तर कलावंताला फोन करा. कार्ड जपून ठेवायचं असतं ते यासाठी. 'अगदी तस्साच हवा' असा हट्ट धरू नका. त्या कांडीचा रंग पुढच्या खेपेला किंचित वेगळा येतो, ज्योत कमीजास्त होते, आणि हातही रोज सारखा नसतो. फुटलेल्या मण्याचा फोटो पाठवा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळेल. आणि ती कामाला बसलेली असेल अशा वेळी फोन करू नका. एका हातात कांडी असते, दुसऱ्यात फिरती सळई. फोन उचलायचा तर तिला मणी सोडावा लागतो, आणि मग तुमच्याबरोबर आणखी कोणाची तरी जोडी अडकते.